उडत्या लोहगडाचा वग

तळेगाव दाभाडे
२० एप्रिल १९३६

सोपाना,

हे पत्र रागाने लिहीत नाही. राग असता तर लिहिलंच नसतं. चार चुका दाखवायच्या आहेत, त्या दाखवतो आणि थांबतो.

परवा वडगावच्या जत्रेत तुमच्या हौशीरामच्या फडाने सकाळची हजेरी दिली. तिथे 'उडता लोहगड' हा तुझा वग पाहिला. मुद्दाम गेलो नव्हतो. एका पालकाकडे काम होतं, ढोलकी ऐकू आली, जरा उभा राहिलो. शाळामास्तराने तमाशासमोर फार वेळ उभं राहणं बरं दिसत नाही, आणि वग संपला की सगळी माणसं एकदम मागे वळतात. म्हणून शेवटाआधीच निघालो. पण पाहिलं तेवढं पुरे झालं.

पहिली चूक. आकाशात हवा नाही. हवा नाही म्हणजे आवाज नाही. तुझे गड तिथे शिंगं फुंकतात, तोफा डागतात आणि किल्लेदार भिमाजी विसापुरावरच्या माणसाला हाक मारून तंबाखू मागतो. दुसरी चूक. शनीचं कडं म्हणजे धूळ आणि दगडगोटे. त्यावर कुस्तीचा फड भरत नाही. तिसरी. शुक्रावर राणी असेल की नाही हे विज्ञानाला ठाऊक नाही, पण असली तरी ती नऊवारी नेसून लिंबलोण उतरणार नाही. चौथी सांगत नाही. चौथी फार मोठी आहे.

हे मी का बोलतो ते तुला माहीत आहे. आभाळाचा रस्ता तुला कोणी दाखवला? तू लोणावळ्याच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला होतास. ड्रायव्हर साहेबांच्या बंगल्यातली रद्दी चिंध्यांच्या पोत्यातून तुमच्याकडे यायची. त्यातली ती जाड खरखरीत कागदाची अमेरिकन मासिकं तू सदऱ्याखाली लपवून आणायचास, कारण वरची चित्रं तुला आवडायची. पण इंग्रजी तुला येत नव्हतं. तुंगार्लीच्या धरणाच्या भिंतीवर बसून पानन् पान मराठीत कोणी सांगितलं? मी. दोन वर्षं, दर रविवारी. 'मास्तर, पुढं?' म्हणून तू माझ्या गुडघ्याला हलवायचास.

आणि ते मागचं इंजिन! घाटात गाडीला मागून एक इंजिन रेटतं आणि वर आलं की सुटून परत जातं, तसं पृथ्वीच्या ओढीतून यान बाहेर काढायला मागून रेटणारं दुसरं यान हवं, ही कल्पना माझी. माझ्या 'शुक्रयान' कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात ती आकडेमोडीसकट छापलेली आहे. तुझ्या वगात लोहगडाला मागून विसापूर रेटतो. लोक टाळ्या वाजवतात. वाजवोत बापडे.

'शुक्रयान' नऊ प्रकरणांनंतर मासिकाने बंद केली. वाचकांची पत्रं येत नाहीत, म्हणाले. तू ती वाचली होतीस. एवढंच.

दिगंबर


तळेगाव
३ मे १९३६

सोपाना,

कार्ड मिळालं. ते जपून ठेवणार आहे, मासला म्हणून. तू लिहितोस:

'मास्तर, तुमी म्हनता तितं हवा न्हाई म्हून आवाज न्हाई. असंल. तुमी म्हनता ते खरंच असनार. पर ढोलकी थांबवली तर मानसं उटून जात्यात. मग म्या काय करावं ते तुमीच सांगा. चौथी चूक कंची? ती बी सांगा, सुदारतो.'

चौथी चूक ही की तो वग चांगला झाला आहे.

हे वाक्य खोडणार होतो, पण शाईने लिहिलं आहे आणि दुसरा कागद आणायला उठायचा कंटाळा आहे. त्याचा काही वेगळा अर्थ घेऊ नकोस. चांगला म्हणजे त्या लोकांना चांगला. सुधारायची तुझी तयारी असेल तर सगळे गड खाली उतरव आणि मंडळींना दोन ओळी खगोलशास्त्र शिकव. बघू किती जण बसतात.

दिगंबर


तळेगाव
११ जानेवारी १९३७

सोपाना,

तू उत्तर पाठवलं नाहीस तरी मी लिहितो, कारण आज वर्गात जे झालं ते तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

सहावीला ग्रह शिकवत होतो. विचारलं, शनीभोवती काय आहे? नथू नावाचा पोरगा उभा राहिला, छाती काढून म्हणाला, 'आखाडा!' वर्ग हसला नाही. वर्गाला ते बरोबर वाटलं! मी फळ्यावर कडं काढून दाखवलं, तर मागच्या बाकावरून एकाने हळूच चाल धरली, 'चल रं विसापुरा, लाव खांदा', आणि अख्ख्या वर्गाने पुढची ओळ उचलली. बावीस वर्षं मास्तरकी करतो आहे. माझं एक वाक्य असं कोणी उचललेलं नाही.

घरी आलो. माझी बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. आमच्या पद्मजाबाई! मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, तमाशाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या. भाकरीच्या तालावर काय गुणगुणत होत्या? शनीच्या कैदेतल्या तुझ्या शुक्राच्या राणीचं गाणं. म्हटलं, हे कुठून आलं? म्हणते, 'अहो, आळीत सगळ्याच म्हणतात.' आणि मग ताटावर बसलो असताना विचारते, 'पुढे काय होतं हो? शनी तिला सोडतो का?'

सोपाना, माझी कादंबरी नऊ महिने घरात येत होती. नऊही अंकांची प्रुफं या बाईने शिवणाच्या टोपलीशेजारी पाहिली. पुढे काय होतं, असं तिने एकदाही विचारलं नाही. आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं, रे.

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खोटं नव्हतं. मी तुझा वग आता चारदा पाहिला आहे. वडगावला, कार्ल्याला, कामशेतच्या बाजारात आणि एकदा पवनेच्या काठी. प्रत्येक वेळी कडेला उभा राहिलो आणि संपायच्या आत निघालो. कामशेतला मुलांचे बाप पुढच्याच रांगेत होते. वग संपल्यावर त्यांनी मान वळवली की समोर मी!

लोक म्हणतील मास्तरचं पोट दुखतं. दुखतं तर दुखतं. माझं पोट आहे.

दिगंबर


तळेगाव
५ डिसेंबर १९३७

सोपाना,

कोणाला माझ्या घरी पाठवायचं असेल तर आधी कळवत जा. मी घरात बंडीवर होतो.

काल पुण्याच्या एका बोलपट कंपनीचे माधवराव म्हणून गृहस्थ आले. कोट, चष्मा, हातात सिगारेटचा डबा. ते म्हणाले, तुमच्या भागातला 'उडता लोहगड' आम्ही पाहिला, त्याचा बोलपट काढायचा आहे. गड खरोखर उडताना दाखवणार, लहान लहान प्रतिकृती करून, तारेने ओढून. मराठीत असं कोणी केलेलं नाही. लोहगडवाडीला जाऊन शाहिराला भेटलो, पण शाहीर सही करत नाही. म्हणतो, 'गोष्ट मास्तरची हाय. मास्तर लिवून देतील तसं करा.'

का रे? का असं म्हणालास?

तुला काय वाटलं, दिगंबर मास्तर एकटाच कुढत बसला आहे, त्याला एक तुकडा टाकू? मला तुझी मेहेरबानी नको. घाटात विजेची इंजिनं आली, शेडमधलं तुझं काम सुटलं, तू वाडीला परत आलास, तेव्हा तुला दोन महिने पुरतील एवढे दाणे मी बैलगाडीत घालून पाठवले होते. तेव्हा मी काही बोललो होतो का? आणि आता तू मला 'गोष्ट मास्तरची' म्हणून उदारपणा दाखवतोस! उदार माणसाचा मला मनस्वी संताप येतो. तो आपला हात वर ठेवतो आणि आपण 'वा वा' म्हणायचं.

माधवराव पंधरा दिवसांनी परत येणार आहेत. गोष्ट कोणाची ते लेखी पाहिजे, एवढंच त्यांना हवं आहे. मी विचार करून सांगतो म्हणालो.

त्यांना चहा पद्मजाने दिला. बोलपट म्हटल्यावर तिचा चेहरा कसा उजळला ते तू पाहायला हवं होतंस. नको, बरं झालं नव्हतास.

दिगंबर


तळेगाव
२१ डिसेंबर १९३७

सोपाना,

माधवराव येऊन गेले. जे खरं ते लिहून दिलं.

इकडे थंडी बरी आहे. तुझी प्रकृती कळव.

दिगंबर


तळेगाव
२७ मार्च १९३८

सोपाना,

आज खरं लिहितो. जे खरं ते लिहून दिलं, असं डिसेंबरात कळवलं होतं. ते खोटं होतं.

मी लिहिलं: 'उडता लोहगड या वगाची कथा, पात्रे व कल्पना संपूर्णपणे माझ्या असून, लोहगडवाडीच्या सोपानाने त्या माझ्या सांगण्यावरून पद्यात बसवल्या आहेत.' आणि खाली सही. लेखणी कुठे अडली नाही. माधवरावांनी मानधनाचं पाकीट पुढे केलं, ते मी घेतलं नाही. त्या वेळी वाटलं, पैसे घेतले नाहीत म्हणजे आपण स्वच्छ. मला पैसे नको होते. मला नाव पाहिजे होतं. पडद्यावर, मोठ्या अक्षरात, एकट्याचं.

आता ऐक. फेब्रुवारीत कंपनीने मला पुण्याला बोलावलं. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्याचे गड बांधून ठेवले होते. लोहगड तर इतका हुबेहूब की विंचूकाट्याची ती लांबलचक माचीसुद्धा होती. मी वहीत सगळी आकडेमोड घेऊन गेलो होतो, पृथ्वीची ओढ किती, वेग किती. चित्रकाराने विचारलं, 'मास्तर, गड जमिनीवरून सुटतो तेव्हा खाली काय दिसतं?' मी आकडे सांगायला लागलो. तो म्हणाला, 'आकडे नको, काय दिसतं?' ते माझ्या वहीत नव्हतं. आणि मग मी तुझं सांगितलं. गड उचलला की खाली त्याच्या बुडाचं ओलं भोक दिसतं, त्यातून वारूळ फुटल्यासारखे उंदीर, घोरपडी बाहेर पळतात, आणि लोहगडवाडीची म्हातारी ओरडते, 'अरं, माझी शेळी वरच ऱ्हायली!' सगळे खूश. चित्रकार म्हणाला, 'मास्तर, काय डोकं आहे हो तुमचं!' आणि मी मान डोलावली. सोपाना, मी मान डोलावली.

मग गाण्यांचं काम निघालं. हौशीरामच्या पेटीवाल्याकडून त्यांनी वगाची अख्खी वही उतरवून आणली होती. माधवराव शेवटचं पान वाचत होते. म्हणाले, 'मास्तर, शेवटच्या कडव्यात हे तुमचं नाव आहे ना?' आणि मोठ्याने वाचलं:

'तळेगावी गुरू दिगंबर, त्यानं दावलं तारांगण,
बोट धरून नेलं वरती, भुई राहिली आंगण,
सोपान गातो लोहगडचा, त्याच्या चरणांची आण.'

शाहीर शेवटी आपलं नाव घालतो, त्याआधी गुरूचं, हे मला काय ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण शेवटापर्यंत मी थांबलो कधी? तू दोन वर्षं गावोगावी, जत्रेजत्रेत, देवासमोर माझं नाव घेत होतास, आणि मी मुलांच्या बापांना चुकवून रस्त्याने घरी चाललो होतो, तुझ्यावर जळत.

माधवराव म्हणाले, 'तुमच्या कागदाप्रमाणे हा सोपान नुसता मदतनीस. मग त्याचं नाव असलेलं कडवं ठेवता येणार नाही. काढू या.' सगळे माझ्याकडे बघत होते. 'थांबा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. दोन अक्षरं. मी चष्मा पुसला.

कडवं काढलं.

आणि काल शाळेच्या ओसरीवर मधल्या सुट्टीत हौशीराम आला. टोपी हातात, कंपनीच्या वकिलाची इंग्रजी नोटीस धोतराच्या सोग्यात. म्हणाला, 'सोपान म्हनला मास्तरकडं जा. मास्तर वाचून बी दाखवतील आन वाट बी काडतील.' मी वाचली. 'उडता लोहगड' आता कंपनीच्या मालकीचा, पुढे फडाने तो कुठेही करायचा नाही. मी वाक्यावाक्याचा अर्थ नीट सांगितला. एकच वाक्य गाळलं, ज्यात लिहिलं होतं की कंपनीने तो मूळ लेखक दिगंबर मास्तर यांच्याकडून मिळवला.

हौशीराम म्हणाला, 'चैताच्या जत्रा तोंडावर आल्यात, मास्तर. सोळा गावच्या सुपाऱ्या घेतल्यात, समद्यांना त्योच वग पायजे. काय करावं?' मी म्हटलं, कायदा आहे, काही करता येत नाही. 'व्हय,' म्हणाला. मला नमस्कार केला आणि गेला.

हे पत्र उद्या टपालात टाकीन.

दिगंबर


तळेगाव
१८ फेब्रुवारी १९४०

सोपाना,

मागचं पत्र टाकलं नव्हतं. दोन वर्षं पंचांगाखाली पडून आहे. आज त्याला हे जोडतो. दोन्ही एकदम वाच, आणि वाचून दाखवायला कोणाकडे जाऊ नकोस. मराठी तुला चांगलं येतं, मीच शिकवलं आहे.

मधल्या काळातलं तुझं मला थोडंफार कळत होतं. तू रेल्वेच्या गँगवर रूळ ठोकायला लागलास हे कळलं. दिवाळीच्या बाजारात पद्मजाला तुझी नंदाबाई भेटली होती. पद्मजाने विचारलं, नवा वग कुठला? नंदाबाई म्हणाली, 'आमचे आता गात न्हाईत, वहिनी. त्यो वग गेला तसं तोंडच मिटलंय. भिताडाकडं बगत बसत्यात.' पद्मजाने घरी येऊन हे मला सांगितलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. लढाईच्या बातम्या होत्या. वाचतच राहिलो.

बोलपट आला, 'गगनगड'. पुण्यामुंबईला बरा चालला, आणि गेल्या रविवारी लोणावळ्यात पत्र्याच्या थेटरात दुपारचा खेळ लागला. आमच्या हेडमास्तरांनी शाळेतर्फे माझा सत्कार ठेवला होता, खेळाआधी हार घातला. पद्मजा नवीन लुगडं नेसून आली होती. मावळातून गाड्या भरभरून माणसं. कार्ल्याची, पवनेकडची, तुमच्या वाडीचीही असतील. तुला मी डोळ्यांनी शोधलं. तू नव्हतास.

दिवे गेले. पडद्यावर नाव आलं: 'कथा: दिगंबर मास्तर'. केवढं अक्षर, सोपाना! थेटरच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं आणि गेलं. कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, 'काय लिवलंय?' शेजारी म्हणाला, 'आसंल कायतरी.' निम्म्याअधिकांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना गड उडायची घाई होती.

मग गड उडाला. शेळी वर राहिली, थेटर हसून लोटपोट. विसापुराने खांदा लावला, सगळ्यांनी चाल धरली. शनीच्या कड्यावर भिमाजी उतरला तेव्हा माणसं बाकांवर उभी राहिली. पद्मजा राणीसाठी रडली. मी बघत होतो की यात माझं काय आहे. एक मागून रेटणारं इंजिन आहे, बाकी सगळं तुझं. शेळीपासून शनीपर्यंत.

शेवटचं गाणं झालं. लोहगड परत जागेवर बसला, राणी गडाच्या दारात उभी राहिली, वाद्यं थांबली आणि पडद्यावर 'समाप्त' आलं. दिवे लागले. मी उठलो, शेला सारखा केला. कोणीच उठेना.

सगळी माणसं पडद्याकडे बघत तशीच बसली होती. पुढच्या म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, 'आन कडवं?' मागून कोणी तरी ओरडलं, 'आरं, कडवं ऱ्हायलं की! देवाचं देनं आसं अर्दं टाकत्यात व्हय?' मॅनेजर पुढे येऊन हात जोडून सांगायला लागला, खेळ संपला, खेळ संपला. त्याचं कोण ऐकतो! एका बाईने सुरुवात केली. मग तिच्या रांगेने, मग सगळ्यांनी. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसत्या टाळ्यांवर. 'तळेगावी गुरू दिगंबर, त्यानं दावलं तारांगण.' सोपाना, दोन वर्षं कुठल्याही जत्रेत तो वग झाला नाही, तरी शब्द न् शब्द त्यांच्याजवळ होता. शेवटी तुझं नाव आलं तेव्हा पत्रे दणाणले.

माझ्या गळ्यात हार होता. ज्यांना मी माहीत होतो ते माझ्याकडे वळून हसत होते, मान डोलवत होते, गुरू म्हणून. हेडमास्तर म्हणाले, 'वा, मास्तर, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हतं!'

बाहेर आल्यावर पद्मजाने विचारलं, 'हे कडवं होतं, तुम्हाला माहीत होतं?'

'हो.'

'आणि काढलं कोणी?'

मी सांगितलं. रस्त्यातच, स्टेशनच्या वाटेवर, सगळं. कागदाचं, चष्म्याचं, नोटिशीतल्या गाळलेल्या वाक्याचं. गाडी आली, बायकांच्या डब्यात जाऊन बसली. तळेगावला उतरल्यावर म्हणाली, 'मग लिहा. आणि या वेळी टपालात मी टाकणार.'

म्हणून लिहितो. सोबत वेगळ्या कागदावर, सही करून, दोन साक्षीदारांसह लिहून दिलं आहे की 'उडता लोहगड' हा वग, त्याची कथा, पात्रं, पदं, सगळं लोहगडवाडीच्या सोपानाचं आहे. कंपनीला दिलेला माझा कागद खोटा होता, आणि तो मी मत्सरापोटी लिहिला. साक्षीदार म्हणून पद्मजाने सही केली आहे, आणि दुसरी हेडमास्तरांची. त्यांना आज सकाळी घरी जाऊन सांगितलं. सही करताना ते माझ्याकडे बघत नव्हते. नोकरीचं काय ते कमिटी ठरवील. हा कागद हौशीरामला दे, वकिलाला दाखव, नोटीस मागे घ्यायला लाव. चैत्र आता येतोच आहे. सोळा गावं वाट बघत असतील.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, मला तू ठाऊक आहेस, आणि मग पुन्हा तुझा हात वर.

एक गोष्ट त्या कागदावर लिहिलेली नाही, ती फक्त तुला सांगतो. थेटरात चारशे माणसं माझं नाव गात होती, तेव्हा मला आनंद झाला नाही. लाजही नंतर आली. सगळ्यात आधी काय आलं सांगू? 'बोट धरून नेलं वरती, भुई राहिली आंगण.' नऊ प्रकरणं लिहिली मी, आकड्यांसकट. त्यात या तोडीची एक ओळ नाही. ती माझ्यावर आहे, आणि ती माझी नाही, आणि मी हार घालून तिथे उभा होतो आणि मनात म्हणत होतो, मेल्या, ही मला का नाही सुचली?

अजूनही तेच म्हणतो आहे. पद्मजा पाकीट घ्यायला दारात उभी आहे.

दिगंबर